अम्माची हरळी

आमी मूळचे म्हसवडच्या खालच्या अंगाचे. बाप बैलांच्या खुरांना पत्री ठोकायचा, आन अम्मा, म्हंजी माझी आई, बायांच्या टोळीबरोबर दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायाची. घरात आमी हिंदी बोलतो, पन खुरपं हातात आलं की अम्माच्या तोंडात मराठीच यायची, आन शिवी आली तर ती बी हरळीला. काय सांगू तुमाला, हरळी म्हंजी ते रांगतं गवात, एक कांडी राह्यली तरी परत रान धरतं. अम्मा म्हनायची, सवत परवडली पन हरळी नगं.

मी काय रानात रमलो न्हाई. महाबळेश्वरला टॅक्सी चालवली, उमर तिथंच गेली. हाटेलांच्या म्होरं हिरवंगार लॉन, त्यावर गिऱ्हाईक अनवानी फिरायचं, मला लय भारी वाटायचं. पन तिथलं काय घिऊन बसलाय, पावसाळ्यात तिथं भिताडावर बी गवात उगवतं.

मंग हिकडं गावी अम्मा अंगनात पडली, खुबा मोडला. साताऱ्याला आपरेशन झालं, डॉक्टर म्हनले हाड बसलंय, आता त्यांनी चाललं पायजे. पन अम्मा बाजंवरनं उठंना. म्हनायची, मुरमावर परत पडले तर परत मोडंल. मंग बोलनं कमी झालं, भाकरी अर्धी झाली, मंग चतकोर, कवा कवा नुसता च्या. भिताडाकडं तोंड करून पडायची. मी टॅक्सी घिऊन घरी आलो ते तिच्यासाठीच. माझी बायको रजिया म्हनायची, आवं, अम्मा चालल्या आपल्या हातातनं. मला बी तेच दिसत हुतं, पन तोंडानं म्हनवत नव्हतं.

तवा डोक्यात आलं, अंगन मऊ करायचं, पडली तरी लागनार न्हाई असं. नर्सरीतनं गालिच्यावानी गवताच्या गुंडाळ्या आनल्या, मुरमावर तळ्यातली काळी माती टाकली आन वर अंथरलं. उन्हाळ्यात माती भेगाळली, गवताचा पापड झाला. पानी तरी कुठनं घालायचं, आमच्याकडं नळ आला की मानसं कामधंदा सोडून घरी पळत्यात.

शेजारचा बापू म्हनला, आरं गड्या, हितल्या उन्हात हितलंच गवात जगंल, माझ्या बांधावरची हरळी ने पोतं भरून, माझं बी कल्यान हुईल. आमी दोघं लय हसलो, पन त्याचं खरं हुतं. मंग मिरगाच्या तोंडाला म्या मुरूम खनून काढला, माती, वाळू आन कुजलेलं शेनखत कालवून भरलं, पानी साचू नये म्हनून जरा उतार दिला, आन हरळीच्या कांड्या खोचल्या. पाऊस सरल्यावर तांदूळ धुतलेलं पानी, भाजी धुतलेलं पानी, सगळं तिकडंच. लय बारीक कापायचं न्हाई, मुळावर सावली ऱ्हायली पायजे. अंगन हिरवं झालं. लोकं बगून हसायची, हरळी काढाया मानसाचा जल्म जातो आन ह्यो पोसतोय. अम्मा मातूर उठंना. म्या तिची बाज दारात आनून ठिवली, तिचं तोंड अंगनाकडं केलं.

एक दिवस भाडं घिऊन फलटनला गेलो हुतो. दुपारी येऊन बगतो तर बाज रिकामी. अम्मा पार कुंपनापाशी, एक पाय लांब करून खाली बसलेली, हातात खुरपं, मागं हरळीचा ह्यो एवढा ढीग. अर्धं अंगन उघडं पाडलेलं. रजिया कपाळाला हात लावून उभी, आवं, मी पानी भरत हुते तवर ह्यांनी हे केलं. म्या म्हनलं, अम्मा, हितवर आलीस कशी? तर म्हनली, कशी म्हंजी, भिताड धरून चालत. अंगनात हरळी माजलीय, मला झोपून बगवंल व्हय? म्या म्हनलं, अगं, मुद्दाम लावलीय. तर माझ्याकडं अशी बगितली, जसा काय मीच आजारी हाय. मुद्दाम हरळी कोन लावतं रं यड्या! आन रजियाला म्हनली, भाकरी टाक, भूक लागलीय.

काय सांगू तुमाला, म्या तितंच गवतात बसलो आन ल्हान पोरावानी रडलो. तिनं दोन भाकरी खाल्ल्या, ठेच्यासंगं, वर कांदा मागितला.

हरळी काय उपटून मरती व्हय, पंधरवड्यात परत फुटली. अम्मा म्हनली, बगा, मुळी राह्यलीच हुती, आन गेली परत. आता रोज सकाळच्या पारी काठी टेकत जाती, म्होरं काढत जाती आन मागं गवात उगवत येतंय. माझ्या लॉनला एका अंगाला टक्कल असतंच. असूंद्या. मध्ये एकदा पडली बी, गवतावरच पडली, तिची ती उठली आन हरळीलाच शिवी दिली.

जुम्म्याला मशिदीत कुनी पोराला नोकरी मागतं, कुनी पाऊस मागतं. मी काय मागतो ते शेतकरी मानसात सांगाया लाज वाटती, पन तुमाला सांगतो. म्हनतो, या अल्ला, माझ्या अम्माच्या हातनं ही हरळी सरू दिऊ नगंस.