नियमात कुठे लिहिलंय?

...नाही, पण मला एक सांगा, फॉर्मवर 'फोटो उजव्या कोपऱ्यात चिकटवावा' म्हटल्यावर माणूस काय करणार? आम्ही फॉर्म टेबलावर ठेवला, उजव्या हाताला जो कोपरा आला तिथे डिंक लावून फोटो चिकटवला, वर सहीबिही झकास... आणि फॉर्म परत! का? तर फोटो खालच्या कोपऱ्यात लागलाय. 'उजवा वरचा कोपरा' असं नियमात लिहिलंय! अहो, फोटो खाली लागला म्हणून पोरगी काय उलटी होऊन वाजवणार आहे?

माझी बायको म्हणते मी चिडका आहे. मी चिडका नाही हो! सव्वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय, अडकलेल्या माणसांच्या शिव्या खाल्ल्यात, कधी उलट शब्द नाही काढला. पण या स्पर्धेनं... तरुण शास्त्रीय वादकांसाठी शिष्यवृत्ती स्पर्धा म्हणे! मी म्हणतो, वादकांसाठी ना? मग वाजवू द्या की! आधी बत्तीस नियमांचं पुस्तक हातात. बत्तीस! माणसाला दात तेवढे असतात, आणि सगळे आमच्यावरच विचकलेले.

आमची मुलगी चेलो वाजवते. चेलो माहितीय ना? व्हायोलिनचा थोरला काका. खांद्यावर नाही घेता येत त्याला, खुर्चीत बसून दोन गुडघ्यांत धरावा लागतो. नऊ वर्षांची असताना सुट्टीत माझ्याबरोबर कामाला आली होती. मी लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेलो, ही वर उभी, आणि तिसऱ्या मजल्यावरून काहीतरी जाड, गोड आवाज खाली आला. मी बाहेर आलो तर ही गायब! तिसऱ्या मजल्यावर एका दाराला कान लावून बसलेली. आत एक बाई चेलो शिकवायच्या. तेव्हापासून ही तिथलीच झाली. एवढीशी पोर, एवढं मोठं वाद्य ढकलत न्यायची, मुंगी साखरेचा दाणा नेते तशी, म्हणून मुंगी. खरं नाव आता फक्त शाळेच्या दाखल्यावर.

तर मुंगी सोळा वर्षांची झाली आणि बाईंनी आम्हाला बोलावलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाई, बोटं संधिवातानं अशी वाकडी झालेली, कपसुद्धा दोन्ही हातांनी धरतात. म्हणाल्या, "माझ्याकडचं सगळं देऊन झालं. आता हिला माझ्यापेक्षा मोठा गुरू हवा. ही शिष्यवृत्ती मिळाली तर तीन वर्षं मोठ्या संगीतशाळेत शिकेल, राहणं-जेवण तिथेच, आणि वाजवायला चांगलं वाद्य." कारण मुंगी वाजवते तो चेलो बाईंचाच, जुना, पाठीला तडा गेलेला, थंडी पडली की सूर उतरतो. आता एवढं ऐकल्यावर बाप गप्प बसेल? फॉर्म आणलाच मी.

खिडकीवाल्या बाई, म्हणजे स्पर्धेच्या कचेरीतल्या... काय चेहरा! जणू मी त्यांच्या घरात चिखलाचे पाय घेऊन शिरलोय. म्हणाल्या, "शिक्षणसंस्थेचा शिक्का?"

म्हटलं, "ताई, बाई घरी शिकवतात. स्वयंपाकघरात."

"संस्थेचा शिक्का नियमात लिहिलाय."

"अहो, पण संस्थाच नाही तर शिक्का कुठला?"

"ते आम्हाला नका सांगू."

बरं! मी गेलो शिक्के करणाऱ्याकडे, म्हटलं कर बाबा गोल शिक्का: 'संगीत वर्ग, तिसरा मजला, डावीकडचं दार'. ठप्पकन मारला. खिडकीवाल्या बाईंनी चष्मा वर करून बघितला, खाली करून बघितला आणि म्हणाल्या, "आता कसं बरोबर आहे!" बरोबर? काय बरोबर? डावीकडचं दार बरोबर?

मग रेकॉर्डिंग. दहा मिनिटं सलग, मध्ये कापाकापी नाही, दुसरा कुठलाही आवाज नाही. नियमात लिहिलंय! आता तुम्ही बिल्डिंगमध्ये राहता ना? दहा मिनिटं शांतता कधी ऐकलीय? मुंगी सुरू करते, वरच्या घरात ड्रिल. ड्रिल थांबतं, खालचा कुत्रा. कुत्रा गप्प, तर कोणीतरी जिन्यात फोनवर आपल्या साडूशी भांडतंय. तीन दिवस! तिसऱ्या दिवशी दुपारी चमत्कार झाला, सगळी बिल्डिंग मेल्यासारखी चिडीचूप, मुंगी वाजवतेय, मुंगीची आई दाराशी तोंडावर पदर धरून उभी, आठ मिनिटं झाली, साडेआठ झाली... आणि शिंक! सणसणीत! कोणाची म्हणून काय विचारता? माझी! धरून धरून किती धरणार माणूस? मुंगीनं नुसतं माझ्याकडे बघितलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मला बायकोनं बाजारात पिटाळलं.

ते रेकॉर्डिंग गेलं आणि पोरीची निवड झाली. बाराजणांत! मी खोटं नाही सांगत, पत्र वाचताना माझा चष्मा ओला झाला.

आता स्पर्धेचा दिवस. चौथ्या मजल्यावर सभागृह, पाठीवर मी चेलो घेतलेला, आणि लिफ्टला पाटी: 'बंद आहे'. माझ्यासमोर! लिफ्टवाल्यासमोर! मी दार जरा हलवून ऐकलं, कळलंच मला, दाराचा स्विच लागत नाहीये, दहा मिनिटांचं काम. वॉचमनला म्हटलं, "एक स्क्रू ड्रायव्हर द्या, आत्ता चालू करून देतो." तर म्हणे, "परवानगी हवी. नियमात लिहिलंय." म्हणजे इथेही? चार मजले चढलो हो... पोरगी मागून म्हणतेय, "बाबा, मी घेते," आणि मी म्हणतोय, "तू हात जप!" आणि प्रत्येक मजल्यावर थांबून त्या लिफ्टला शिव्या.

वर आईबापांची ही गर्दी. सगळे आपापल्या लेकरांना चिकटून बसलेले. एक बाई मोठा थर्मास घेऊन, दर दोन मिनिटांनी मुलाला कोमट पाणी. एक गृहस्थ मुलीला दटावतायत, "हसू नकोस, दमशील!" मुंगी आपली कोपऱ्यात डोळे मिटून बसलेली, गुडघ्यावर बोटं चालतायत. मुंगीच्या आईनं माझ्या कानात सांगितलं, "आज तोंड उघडायचं नाही." आता सांगा, मी काय लहान आहे?

आत तीन परीक्षक. मधोमध मोठ्या बाई, पांढरे केस कानापर्यंत कापलेले, हातात पेन्सिल. एका बाजूला एक म्हातारबुवा. दुसऱ्या बाजूला सोनेरी चष्मा. मुंगी आली, बसली, चेलो गुडघ्यांत धरला आणि सुरू झाली.

मला संगीतातलं काही कळत नाही. मोटारीचा आवाज तेवढा कळतो, बेअरिंग गेलंय का, दोर घासतोय का, ते तीन मजल्यांवरून सांगतो. पण त्या दिवशी, तुम्हाला सांगतो, कुठे काही घासत नव्हतं. पहिला भाग जलद, सफाईनं झाला. मग संथ भाग आला. घरी सात वर्षं ऐकलंय मी तो आवाज, भिंतीतून, अंघोळ करताना, भांडताना, पण असा नाही ऐकला कधी. मोठ्या बाईंची पेन्सिल थांबलेली. थर्मासवाल्या बाईंचं झाकण हातातच राहिलेलं. मुंगीची आई माझा हात धरून बसलेली, नखं रुतली तरी मला कळलं नाही...

आणि फोन वाजला. सोनेरी चष्म्याचा! परीक्षकाचा! मला वाटलं, बंद करेल. कापेल. शरमेनं खाली बघेल. छे! उचलला की हो! हात तोंडापुढे धरून बोलतोय, "हां... हां, बोला... नाही, निळ्या टाईल्स नकोत... बाथरूमला पांढऱ्याच... कितीला म्हणाला?"

माझी पोरगी वाजवतेय आणि हा माणूस बाथरूम बांधतोय!

मी काय केलं ते मला आठवतच नाही. मी उभा राहिलो एवढं खरं. बाकीचं लोकांनी सांगितलं. मी म्हणे ओरडलो, "ओ टाईल्सवाले! ठेवा तो फोन! पोरगी सात वर्षं घासतेय आणि तुम्हाला बाथरूम सुचतंय? लाज नाही वाटत?" सगळं सभागृह माझ्याकडे. मुंगीची आई माझा शर्ट खाली ओढतेय. सोनेरी चष्म्याच्या हातातून फोन पडला.

आणि मुंगी थांबली नाही. एक लांब सूर चालला होता, तोच तिनं धरून ठेवला. तारांवरची धनुकली एकदा इकडे, एकदा तिकडे, हळूच, जणू कोणीतरी रस्ता ओलांडेपर्यंत थांबलीय. मी बसलो. मग पुढे गेली. शेवटपर्यंत वाजवलं.

बाहेर आलो तर बिल्ला लावलेला एक कार्यवाह वाटच बघत होता. "उमेदवार बाद!"

"का?"

"सोबतच्या माणसानं व्यत्यय आणला."

आणि मी, तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मला सगळं लख्ख सुचलं. मी म्हटलं, "कुठे लिहिलंय?"

"काय?"

"नियमात कुठे लिहिलंय? दाखवा!"

कार्यवाहानं पुस्तक काढलं. उघडलं. पुढून चाळलं, मागून चाळलं. खिडकीवाल्या बाईंना बोलावलं. दोघांनी मिळून चाळलं. फोटोचा कोपरा लिहिलाय, शिक्का लिहिलाय, बुटाचा रंगसुद्धा लिहिलाय... पण बापानं ओरडू नये हे कुठेच नाही! बत्तीस नियमांत नाही! शेवटी मोठ्या बाई आल्या. त्यांनी मुंगीला जवळ घेतलं, म्हणाल्या, "सगळ्यांचं झाल्यावर तू संथ भाग पुन्हा वाजव. फोन कोणाचाच नसेल आत." मग माझ्याकडे वळल्या. "आणि हे गृहस्थ इमारतीच्या बाहेर."

मी म्हटलं, "हे कुठे लिहिलंय?"

म्हणाल्या, "हे मी सांगतेय."

गेलो. चार मजले उतरलो. समोर एक इस्त्रीचं दुकान होतं, त्याच्या पायरीवर बसलो. चौथ्या मजल्याच्या खिडक्या बंद. तीन मजल्यांवरून बेअरिंग ऐकणारा माणूस मी, पण शपथेवर सांगतो, त्या इस्त्रीच्या वाफेच्या फुसफुसाटापलीकडे काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

शिष्यवृत्त्या दोनच. मुंगी तिसरी. म्हणजे प्रतीक्षायादीत पहिली. म्हणजे त्या दोघांपैकी कोणी सोडली तर हिला. आता कोण सोडतंय? मी काय त्यांच्या घरी जाऊन हात जोडू?... विचार आला होता, खोटं नाही बोलत. मुंगीच्या आईनं दाराला कडी घातली.

मुंगी बसमध्ये बोलली नाही. घरी बोलली नाही. चार दिवस. रियाज चालू, जेवण चालू, पण माझ्याशी शब्द नाही. बरं, मी काय स्वतःसाठी ओरडलो? पाचव्या दिवशी जेवताना मीच म्हटलं, "अगं, तो माणूस तुझ्या वाजवण्यात फोनवर बोलत होता! बाप म्हणून मी ऐकून घ्यायचं?"

तिनं पाण्याचा घोट घेतला. म्हणाली, "बाबा, फोन मला ऐकूच आला नव्हता."

"मग?"

"तुम्ही ऐकू आलात." मग ताट सरकवत, "आणि दुसऱ्यांदा वाजवताना सारखं वाटत होतं, आता खालून बाबा ओरडतील."

मी ताट घासायला घेतलं. घासलेलंच पुन्हा घासलं.

ते गेल्या वर्षीचं. यंदा मुंगी सतरा वर्षांची, वयाच्या अटीनं शेवटची संधी. परवा फॉर्म आला. फोटो उजव्या वरच्या कोपऱ्यात, शिक्का गोल, सगळं पाठ झालंय आता मला. आणि पुस्तक उघडतो तर नियम तेहतीस! 'पालक, नातेवाईक वा सोबत आलेल्या कोणाही व्यक्तीस सभागृहात प्रवेश नाही.' म्हणजे कोणालाच नाही हो! मला नाही ते नाही, मुंगीच्या आईलाही नाही. त्या थर्मासवाल्या बाईंनाही नाही, त्यांचा मुलगा यंदाही आहे.

पालकांचा एक ग्रुप आहे फोनवर, त्यात माझा नुसता नंबर, नाव नाही. पेटला! थर्मासवाल्या बाईंनी लिहिलं, "एका मूर्खापायी आम्ही आमच्या लेकरांना ऐकायला मुकलो." कोणी लिहिलं, "तो ओरडणारा ना? कोण होता हो तो?" कोणी लिहिलं, "प्यायलेला होता म्हणतात." प्यायलेला! मी सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता! तासाभरात सेहेचाळीस मेसेज. सगळ्यांनी शिव्या घालून झाल्या, राहिलो मी एकटा. आता माझाच मेसेज नाही म्हटल्यावर लोकांना संशय नाही येणार?

मग मीही लिहिलं. "अशा माणसांना घराबाहेर सोडतातच कशाला?"

अकरा जणांनी अंगठे दिले. पहिला अंगठा मुंगीच्या आईचा.