हिंगुळाचे शिपाई

(उस्मानपुऱ्यातली दात बनवायची छोटी लॅब. दुपार. लॅबवाल्या तहरीमसमोर कडुबा आणि त्याची बायको सारजाबाई. टेबलावर एका जुन्या फडक्यावर बोटभर उंचीचे सहा लाल शिपाई उभे आहेत.)

सारजाबाई : मला म्हनले, कवळी ढिली झालीय, शहरात जाऊन बसवून घेऊ. अजिंठ्याहून यष्टीत अर्धा रस्ता उभ्यानं आनलं मला. आन पिशवीतनं काय निघालं, तर हे. पोरीचे शिपाई.

कडुबा : कवळी बी ढिली हाय.

सारजाबाई : मंग ती दावा की तिला.

तहरीम : मावशी, आधी बसा बरं. पाणी घ्या. काकांनी फोनवर एवढंच सांगितलं, की जुने शिपाई आहेत, वरचा रंग काढायचाय. मी म्हटलं, घेऊन या, बघते. अजून हातसुद्धा लावला नाही मी.

कडुबा : हिच्या कपाटात बघ, सारजे. निळे कोट, छातीवर पांढरे पट्टे, डोईवर उंच टोप्या. मागच्या साली डॉक्टरनं दाताचा रंग जुळवायला हितं धाडलं, तवा नजर गेली माझी. म्हनलं, हे तर आपल्या घरातलेच.

तहरीम : नेपोलियनच्या फौजेतले आहेत ते. दिवसभर दात, आणि काम संपलं की हे. मोडक्या शिपायाला नवा हात करून देते, बंदूक करून देते, रंगवते. पुण्याहून पाठवतात लोक, हैदराबादहून पाठवतात. पण काका, तुमचे वेगळेच आहेत. शिशाचे, आतून भरीव. शंभर वर्षांचे तरी असतील. अजिंठ्यात कुठून आले?

कडुबा : मोरो साहेबानं दिले. फ्रान्सचा म्हातारा, मोडकी हिंदी बोलायचा. लेण्यात मी दिवा धरायचो, बेटा. लांब वायरीचा दिवा. मानूस म्हनंल त्या चित्रावर उजेड पाडायचा. हा साहेब दर हिवाळ्यात यायचा, आठ-आठ दिवस ऱ्हायचा, आन त्याला दुसरा कुनी चालायचा नाय. म्हनायचा, कडुबानं दिवा तिरका धरला की चित्रातल्या बाईच्या गळ्यातले मोती उठून येतात.

सारजाबाई : आन दर साली करुणासाठी एक शिपाई आनायचा. आमची पोरगी. सकाळपासून पायऱ्यांपाशी बसून ऱ्हायची त्याची वाट बघत. सहा हिवाळे आला, सहा शिपाई.

तहरीम : आणि हा लाल रंग तिनं दिला?

सारजाबाई : हिंगूळ हाय तो. पोळ्याला बैलाच्या शिंगाला लावतात ना, तोच. शिंगं रंगवून झाली, वाटीत उरला. हिनं काडीला कापूस गुंडाळला आन बसली. टोपीपसून बुटापातूर. मी म्हनलं, अगं, चांगले होते की. तर म्हनली, बैलं सजले, ह्यांनीच काय केलंय?

तहरीम : टोपीवर चमकतंय ते?

सारजाबाई : बेगड. शिंगावरचं उरलेलं. नखाएवढे तुकडे केले आन खळ लावून चिकटवले. एकाच्याबी टोपीवरचं निसटलं नाय अजून.

तहरीम : किती वर्षांची होती?

सारजाबाई : नऊ. पोळा झाला आन विसाव्या दिशी ताप चढला. हितंच आनलं होतं, शहरात. चार दिवस. एकतीस वर्षं झाली आता.

तहरीम : माफ करा, मावशी. मला माहीत नव्हतं. काका, तुम्ही फोनवर हे बोललाच नाहीत.

कडुबा : फोनवर काय बोलायचं.

तहरीम : मग काढायचा कशाला रंग?

कडुबा : मोरो साहेबाची नात येतीय. वीस तारखेला. पत्र आलंय तिचं. लेण्यातल्या गाइडनं वाचून दावलं, ऋतुराजनं. ह्याच फौजेतले बाकीचे दोनेकशे शिपाई तिच्या घरी हायत. साहेबाच्या बापानं आपल्या हातानं रंगवलेले. त्यातले हे सहा तिला बघायचेत. मंग म्या काय दावू? तिच्या पणज्याचा हात, आन त्यावर शिंगाचा हिंगूळ थापलेला?

सारजाबाई : हेच दावायचं.

कडुबा : तुला नाय कळायचं, सारजे. इश्वासानं दिलेली वस्तू हाय. लेण्यात बी असंच झालं होतं. जुन्या काळी कुनी चित्रांवर लाख चढवली. चांगल्या मनानंच चढवली, टिकावीत म्हनून. ती पिवळी पडली, चित्रं झाकून गेली. मंग जाणकार आले, कापसाच्या बोळ्यानं टिचभर टिचभर करून वरचं काढलं, तवा खालचे डोळे दिसले. म्या सवता दिवा धरलाय तिथं. वरचं काढायचं, मूळ राखायचं. तसंच असतंय ते.

सारजाबाई : तुमच्या लेण्यात वरची लाख असंल. हितं वरचं माझं हाय.

कडुबा : तुझं एकटीचं हाय व्हय?

सारजाबाई : मंग तुमी काढायला कसे निघालात?

तहरीम : एक मिनिट. काका, मावशी, ऐका माझं. रंग निघेल. दोन-तीन आठवडे लागतील, पण निघेल. फक्त एकदा काढला की परत येत नाही. बेगड तर पहिल्या झटक्यात जाईल. आणि खाली रंग राहिलाय का गेलाय, हेही माहीत नाही. एकाच्या पाठीवर गव्हाच्या दाण्याएवढी जागा बघू? मग ठरवा. मावशी?

सारजाबाई : मला काय इचारतीस. धनी तिथं बसलेत.

तहरीम : तुम्हालाच विचारतेय.

सारजाबाई : पाठीवर बघ. तोंडाला हात लावू नको.

तहरीम : नाही लावत. हा ढोलवाला घेते. ह्याचा हात मोडलेलाच आहे. दिवा जरा पुढं ओढते, म्हणजे...

कडुबा : दे हिकडं. मी धरतो.

तहरीम : वा. काका, सावलीच पडत नाही माझ्या हाताची. बघा, सुटतोय. कापूस लाल झाला. अजून थोडं. हां, थांबा. निळा आहे.

कडुबा : निळा?

तहरीम : शाबूत आहे. कोटाच्या घडीच्या आत गडद, वर जरा फिका. फार सबुरीनं केलंय हे कुणीतरी. मावशी, बघता?

सारजाबाई : बघितलं. चांगलाय.

तहरीम : पण काका, पुढची बाजू अशी अंदाजानं नाही काढता येणार. पट्टा कुठून जातो, बटणं किती, कॉलर कुठल्या रंगाची, सगळं आधी कळायला पाहिजे. प्रत्येक रंगाला वेगळा हात लागतो. ह्याच फौजेतला एखादा हिंगूळ न लागलेला असता, तर समोर ठेवून केलं असतं.

कडुबा : हाय.

सारजाबाई : कुठनं असंल? सहाच होते. त्यातला एकबी तिनं सोडला नाय.

कडुबा : सातवा हाय. हा घे, बेटा.

तहरीम : या अल्लाह. काका, हा तर जसाच्या तसा आहे. निशाणवाला. मिशीसुद्धा दिसते.

सारजाबाई : हा कुठला?

कडुबा : पोरगी गेली त्या हिवाळ्यात साहेब आला होता.

सारजाबाई : तुमी म्हनला होता, औंदा नाय आला.

कडुबा : आला होता. गाडीतनं उतरला आन पयलं हेच इचारलं, करुणा कुठाय. हा त्याच्या हातातच होता. कागद काढून, उभा धरलेला. पायऱ्यांकडं बघत होता. मला खरं बोलवना, सारजे. तोंडातनं निघालं, सोयगावला गेलीय. मामाकडं. तिथल्या शाळेत घातलंय.

सारजाबाई : सोयगावला.

कडुबा : व्हय. तर म्हातारा लई खूश झाला. म्हनला, शिकू दे, चांगलं केलंस. घरी आली की हा दे तिला. आठ दिवस होता. आठ दिवस मी दिवा धरला आन तो मला इचारायचा, सोयगाव किती लांब हाय, तिथं नदी हाय का, तिला मैत्रिनी झाल्या का.

तहरीम : आणि तुम्ही सांगायचात?

कडुबा : सांगायचो. नदी हाय म्हनायचो. मैत्रिनी दोन हायत म्हनायचो.

सारजाबाई : मंग पुन्हा?

कडुबा : पुढच्या साली आला नाय. मंग कवाच नाय. नातीनं पत्रात लिवलंय, आजोबा मरेपर्यंत सांगायचे, अजिंठ्याची एक पोरगी हाय, सोयगावला शिकतीय, आता मोठी झाली असंल. नातीला करुणाला भेटायचंय, सारजे. शिपाई बघायला येतीय ते खरं, पर पयलं तिलाच भेटायचंय म्हनती.

सारजाबाई : एकतीस वर्षं हा ठिवला कुठं होता?

कडुबा : खाकी कोटाच्या खिशात. ड्यूटीच्या.

सारजाबाई : तो कोट दर उन्हाळ्याला मी उन्हात घालते. खिसे उलटे करून.

कडुबा : त्याच्या आदल्या दिशी काढून घ्यायचो.

सारजाबाई : आन मला का नाय सांगितलं?

कडुबा : तुला सांगितलं असतं, तर मंग ती सोयगावला ऱ्हायली नसती. त्या एका मानसाच्या डोक्यात ती रोज शाळेत जात होती. दप्तर घेऊन. धावीला गेली असंल, कालेजात गेली असंल. मी लेण्यात दिवा घेऊन उभा ऱ्हायचो आन मला वाटायचं, चला, कुठं तरी चाललंय तिचं.

तहरीम : काका.

कडुबा : काय नाय. तू बघ, निशाणवाल्याचा पट्टा कसा जातोय ते.

सारजाबाई : पोरी, पानी दे. मला नको, ह्यांना दे.

तहरीम : घ्या, काका. मी जरा बाहेर जाऊन येते. चहा सांगते.

सारजाबाई : बस गं. तू कशाला जातीस. अवो, हिकडं बघा. मला सांगितलं असतं, तर मी बी धाडली असती तिला सोयगावला. भावाला निरोप दिला असता, कुनी इचारलं तर हाय म्हन. नदीवर कपडे धुती म्हनले असते. दोघांनी मिळून धाडली असती. तुमी एकट्यानं कशाला एवढी वर्षं?

कडुबा : तू रडायचीस लई. मला वाटलं, ही आनखी रडंल.

सारजाबाई : रडले असते. मंग काय झालं असतं.

तहरीम : चहा सांगतेच मी. इथूनच सांगते, फोनवर.

कडुबा : तो कापूस कुठंय, बेटा? लाल झालेला.

तहरीम : हा काय. टाकणार होते, काका. हिंगुळात पारा असतो, हाताला लागायला नको.

कडुबा : टाकू नको. कागदात बांधून दे.

तहरीम : देते. मग पुढचं? करू का नको?

कडुबा : नको करू.

सारजाबाई : मी म्हनले म्हनून नको म्हनू नका.

कडुबा : त्यासाठी नाय. तो कापूस लाल झाला ना, तवा पोरीचा हात पुसला गेला. आन लेण्यातले जाणकार बी सगळं पुसत नव्हते. एक टिचभर चौकोन तसाच ठिवायचे, किती मळलं होतं ते मागनं येनाऱ्यांना कळावं म्हनून. हितं उलटं करू. पाठीवर एवढं निळं उघडं ऱ्हाऊ दे. पणज्याचा हात तिला तिथं दिसंल. बाकी पोरीचं.

तहरीम : मग मी एवढं करते. हिंगुळाचे पोपडे सुटायला लागलेत काठाकाठानं, ते बसवून देते. बेगडाच्या कडा दाबून देते. वरून काही चढवणार नाही, लाखबीख काही नाही, काळजी करू नका. आणि ढोलवाल्याला हात करून देऊ का? मेणाचा साचा काढून ओतते, दातासारखाच.

सारजाबाई : तो हात तिच्यानंच मोडला. बैलापुढं ठिवला होता मिरवायला.

तहरीम : मग राहू दे?

सारजाबाई : छे, करून दे. ढोल गळ्यात अडकवून नुसता उभा ऱ्हायलाय बिचारा. हिंगुळाची पुडी घरी हाय, पोळ्याची उरलेली. यष्टीच्या कंडक्टरजवळ धाडते.

तहरीम : आणि निशाणवाल्याला?

कडुबा : त्याला काय करू नको. तो तिच्यापातूर पोचलाच नाय. तसाच ऱ्हाऊ दे.

तहरीम : शनिवारी न्यायला या. कवळी आता द्या, काका. चहा येईपर्यंत आतून लेप देऊन घट्ट करते.

सारजाबाई : आन त्या नातीला काय सांगनार?

कडुबा : खरं.

सारजाबाई : ऋतुराजला बोलवायचं का बोलायला? ती भाषा त्याला येती.

कडुबा : नको. दुसऱ्याच्या तोंडानं नको. मलाबी येती थोडी.

सारजाबाई : तुमाला? काय येतं?

कडुबा : दिवा धरताना लागायचं तेवढं. वर बघा. पाय जपून. हात लावू नका.

सारजाबाई : एवढ्यात भागंल व्हय?

कडुबा : आनखी एक येतं. साहेबानंच शिकवलं होतं, पोरीच्या डोक्यावर हात ठिवून. दहादा म्हनून घेतलं माझ्याकडनं. ही माझी मुलगी. पर ती गेल्यावर कुनाला म्हनायची वेळच आली नाय.

सारजाबाई : म्हनता येईल आता?

कडुबा : तेवढं म्हनतो. पुढचं तू सांग, मराठीत.