लाईट नसलेला कॉम्प्युटर

घोडेगावहून लोणीला निघालेल्या एसटीत धर्माजी डोळे मिटून बसले होते. कान मात्र मागच्या सीटवर, पायाशी मोठं खोकं ठेवून बसलेल्या दोन अनोळखी पोरांकडे होते.

“अरहम, गेमिंगचा कॉम्प्युटर आन् एकबी रंगीत लाईट न्हाई? गावातली पोरं हसतील, राव.”

“ऋतिक, तुमच्याकडं शेतातल्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडतं. लाईटच्या पैशात भारी पॉवर सप्लाय घेतलाय.”

“तरी पण, दिसायला...”

“तुझे आबा मेंढी घेताना घुंगरू बघतात का दात?”

“दात.”

तेवढ्यात ऋतिकचा फोन वाजला.

“हां आबा, निघालो. न्हाई, लाईट नाय. आवो, कॉम्प्युटर आणलाय, वरातीची गाडी न्हाई! आमच्या अरहमनं एकेक पार्ट निवडलाय!”

धर्माजींनी डोळे उघडले.

“पोरांनो, ते खोकं खाली कशाला? हितं माझ्याशेजारी सीटवर ठिवा.”