दुसऱ्याच्या हातची गोळी

लुएला : उठू नकोस, ऑरिन. गोळ्या भरायच्या बाकावर आज मी बसतेय. तू खुर्चीतून हुकूम सोड.

ऑरिन : अगं, दुसऱ्याने भरलेली गोळी मी कधी झाडलेली नाही. सख्ख्या भावाचीही नाही. आपल्या नेमबाजीच्या क्लबात कुणीच झाडत नाही.

लुएला : बायको दुसरी झाली का?

ऑरिन : रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत, हो.

लुएला : मग शनिवारी काउंटीची स्पर्धा सोड आणि माझ्याबरोबर ॲपल पायसाठी सफरचंदं सोलत बस.

ऑरिन : विकतच्या गोळ्या घेऊन जाईन.

लुएला : त्या तुझ्या रिव्हॉल्व्हरातून सगळीकडे जातात. असं बोंबलतोस तूच.

ऑरिन : हात जरा थरथरतो, एवढंच. भरणं जमतं मला.

लुएला : मंगळवारी तू उठून गेलास, तेव्हा मी टॉर्च घेऊन काडतुसांच्या पुंगळ्यांत डोकावले. एकीत बंदुकीची दारू दोनदा पडली होती.

ऑरिन : दोनदा?

लुएला : झाडली असतीस तर रिव्हॉल्व्हर हातातच फुटलं असतं. मी ओतून टाकली.

ऑरिन : आणि मला सांगितलं नाहीस!

लुएला : सांगितलं असतं तर हे सगळं विकून टाकलं असतंस. मग दिवसभर स्वयंपाकघरात माझ्या पायांत.

(ऑरिन खुर्ची बाकाजवळ ओढतो.)

ऑरिन : काय काय आणलंयस, दाखव.

लुएला : ही दारू. फुगीर आहे. दोनदा पडली तर पुंगळीतून उतू जाईल.

ऑरिन : माझी जुनी जास्त नेमकी होती.

लुएला : जुनी चिमूटभरच लागायची, टॉर्चशिवाय तळाशी दिसायचीसुद्धा नाही. ही चालेल की नाही?

ऑरिन : चालेल. दारू पेटवणाऱ्या टोप्या?

लुएला : मऊ. बोट दुखतं म्हणून तू घोड्याची स्प्रिंग हलकी करून घेतलीस ना, आता कडक टोपी पेटायची नाही.

ऑरिन : हे कुणी शिकवलं तुला?

लुएला : तूच. जेवताना. रोज.

ऑरिन : पुंगळ्या?

लुएला : एकाच छापाच्या, सारख्या लांबीच्या. आणि या गोळ्या, चपट्या तोंडाच्या. चांगलं कडक शिसं बघून आणलंय.

ऑरिन : नख रुतव बरं.

लुएला : रुतत नाही.

ऑरिन : मग परत कर. आपली गोळी सावकाश जाते, तिला मऊ शिसं हवं. कडक गोळी नळीत घट्ट बसत नाही, आत शिसं चिकटवत जाते.

लुएला : दुकानदार तर म्हणाला, कडकच उत्तम.

ऑरिन : दुकानदाराला विकायच्या असतात. मला एकाच भोकात घालायच्या आहेत.

लुएला : बरं, मऊ आणते. भरून झाल्या की आधी मीच सहा झाडून दाखवते. मग तर झालं?

ऑरिन : अजिबात नाही. पहिल्या मी झाडणार. तू माझ्या मागे उभी राहा.

लुएला : म्हणजे भरवसा नाहीच.

ऑरिन : भरवसा आहे. तरी मागेच उभी राहा.

लुएला : आणि शनिवारी क्लबातल्यांनी विचारलं, गोळ्या कुणी भरल्या, तर?

ऑरिन : घरच्या आहेत म्हणेन.