साठ अंशांचं पिंप आणि माझी सही

...नाही, नाही, ते प्लास्टिकचं नावच काढू नका माझ्यासमोर! तुम्ही विचारलंत, हेमंतराव, घरी बिअर करायची तर तो निमुळत्या बुडाचा फर्मेंटर कोणता घ्यावा, आणि मागनं कोणीतरी हसलं. ऐकलं मी. एक भांडं निवडायला मला सात महिने लागले, म्हणून हसतात लोक. लागले! पण तुम्हाला सांगतो, अंबरनाथच्या कारखान्यात चौतीस वर्षं क्वालिटीला काढलीत मी, माझ्या सहीशिवाय साधा नट गेटाबाहेर गेला नाही. माझी सही सहज मिळत नाही.

तर रिटायर झालो, म्हटलं छंद लावून घ्यावा. बिअर करायला लागलो, प्लास्टिकच्या बादलीत. चव ठीक, पण गढूळ! आमची सुषमा म्हणाली, "भाताची पेज फुकट घालवलीत." आता बायको म्हणणारच, पण बरोबर होतं तिचं. यीस्टचा गाळ खाली बसतो आणि बादली जरा हलली की पुन्हा वर. म्हणून ते निमुळतं पिंप. पिठाच्या गिरणीचं चाडं असतं ना वर, दाणे टाकायचं, तसा आकार. गाळ घसरत टोकाला जमतो, खालचा नळ उघडला की गाळ बाहेर, बिअर वर स्वच्छ. एवढं साधं! पण बुडाचा उतार किती हवा? साठ अंश! जरा पसरट झालं की गाळ भिंतीला चिकटून बसतो, हलत नाही.

आता माझा गुडघा. गुडघ्याचं काय मध्येच, म्हणाल... थांबा, कळेल. गुडघ्यामुळे मला स्कूटर चालवता येत नाही, म्हणून बदलापूरच्या शिरगावहून उल्हासनगर कॅम्प दोनला मला न्यायची आमची किर्ती. माझी मुलगी, अठ्ठावीस वर्षांची, रंगाच्या कंपनीत केमिस्ट. त्याच सुमारास तिला स्थळंही बघत होतो. चार आली, चारही नापास! एकाचा हात हातात घेतला तर भिजलेल्या पावासारखा. एकानं काय करावं... पोहे तोंडात घालायच्या आधीच म्हणाला, "पोहे छान झालेत!" असा माणूस उद्या कशालाही छान म्हणेल. सुषमा वैतागली, पण मी काय करू? माझी सही सहज मिळत नाही.

तर कॅम्प दोनमध्ये सनीचं वर्कशॉप. सिंधी, तिशीचा, मिठाईवाल्यांना, डेअरीवाल्यांना स्टीलची भांडी करून देतो. मी ड्रॉइंग काढून दिलं. पंधरा दिवसांनी गेलो, पिंप तयार, चकचकीत! मी खिशातनं माझा कोनमापक काढला. अठ्ठावन्न. "सनी, अठ्ठावन्न आहे." दुसरा कोणी असता तर मलाच त्या पिंपात घातला असता. हा काय म्हणाला? "कोई बात नहीं अंकल, फिर से बनाता हूँ. तुम्ही फक्त खूण करून द्या."

दुसऱ्या खेपेला कोन साठ, पण आतलं वेल्डिंग! बोट फिरवलं, नख अडकलं. नख अडकतं तिथं घाण अडकते, घाण अडकली की बिअर नासते. परत! तिसऱ्या खेपेला पाय एका बाजूला सूतभर लांब. परत! आणि दर वेळी त्याचं तेच, कोई बात नहीं अंकल. मी मनात म्हणायचो, काय कारागीर आहे! आणि किर्ती, जी सुरुवातीला बाहेर स्कूटरवर मोबाईल बघत बसायची, ती आत यायला लागली, मग तर स्वतः खोट काढायला लागली! "बाबा, झाकण जरा सैल नाही वाटत? दाखवून आणू या का शनिवारी?" झाकण मला काही सैल वाटलं नव्हतं... पण ऊर भरून आला हो माझा. म्हटलं, आपलं रक्त आहे, क्वालिटी उतरलीच!

शेवटी सातव्या महिन्यात पास केलं. रीतसर रिपोर्ट लिहिला, जुनी सवय. कोन साठ, वेल्डिंग उत्तम, आणि खाली शेरा: 'काम करणारा कष्टाळू, शब्दाचा पक्का, चूक दाखवली तर हसत दुरुस्त करतो. स्वीकारण्यास हरकत नाही.' सही, तारीख. किर्ती म्हणाली, फाईलला लावते.

मग बिअर लावली. सनीनं बजावलं होतं, अंकल, थंड जागी ठेवा. पण मला कोण शिकवणार? बदलापूरचा मे महिना, मी ओलं पोतं गुंडाळून पिंप ठेवलं गच्चीच्या जिन्यात. तीन आठवड्यांनी नळ उघडला. काय रंग! काय स्वच्छ! आणि चव... कैरीच्या पन्ह्यात कोणी साबण विसरावा, तशी. शेजारच्या बबननं एक घोट घेतला आणि त्याला घरी गॅस चालू राहिल्याचं आठवलं. तेवढ्यात सनी आला, पायाचा बोल्ट आवळायला म्हणून. त्याला ग्लास दिला. तुम्हाला सांगतो, अख्खा ग्लास प्याला, भुवईसुद्धा हलली नाही, आणि म्हणाला, "अंकल, अजून थोडी मिळेल?"

तिथंच ओळखायला हवं होतं मी! अशी बिअर दुसऱ्यांदा मागतो तो एक तर वेडा नाहीतर जावई.

किर्तीनं फाईल उघडली, रिपोर्ट टेबलावर ठेवला. "बाबा, सही तुमचीच ना?" सुषमाकडे बघितलं, तर ती शांतपणे भेंडी चिरत होती. तिला दिवाळीपासून माहीत! मी म्हटलं, अगं, भांडं वेगळं, माणूस वेगळा. तर किर्ती म्हणते, "सात महिने तुम्ही भांडं तपासलंत की त्याला? ह्याहून जास्त कोणत्या मुलाला तपासणार?"

खरं सांगू का... त्या चार मुलांतही फार खोट नव्हती. पोरगी घरातनं जाणार ह्याचीच भीती होती मला, म्हणून नख फिरवत बसलो होतो.

विवाह नोंदणी कार्यालयात माझ्यापुढे कागद आला. साक्षीदार म्हणून सही करा. मी चष्मा लावून तीनदा वाचला. साहेब ताटकळले, सगळे माझ्याकडे बघतायत, आणि हा सनी हळूच कानाशी येऊन म्हणतो, "पप्पा, काही चुकलं असेल तर सांगा, परत बनवून आणतो."

केली सही. पेनसुद्धा त्याचंच होतं.

तेव्हा कोणता फर्मेंटर घ्यावा म्हणाल, तर कोणताही घ्या. अठ्ठावन्न अंशांचा घ्या, प्लास्टिकची बादली घ्या, काही बिघडत नाही... फक्त घ्यायला जाताना स्कूटर स्वतः चालवा.