यादोनबाबाची बाही

मंडळी, एक सवाल! मसुराएवढा डाग असलेला माणूस अशुद्ध, की टाळूपासून टाचेपर्यंत पांढरा पडलेला? अहो, नुसती मुंडी काय हलवता, बोला की! 'दुसरा'? सगळ्यांचं एकमत? वा! म्हणजे सगळेच चुकलात!

इब्री, म्हणजे यहुद्यांच्या जुन्या भाषेत या रोगाला शब्द आहे — त्सारअथ. गोळ्या घेऊन बरा होतो तो कुष्ठरोग हा नव्हे हं! हा डाग वैद्यानं नाही, याजकानं बघायचा. तो 'अशुद्ध' म्हणाला, की माणूस वेशीबाहेर! कपडे फाडायचे, तोंड झाकायचं, आणि स्वतःच ओरडायचं — अशुद्ध! अशुद्ध!

यादोन नावाचा याजक होता. नजर अशी, की बायका त्याला बघून पदर सावरायच्या! मिल्का नावाच्या लेकुरवाळीच्या गळ्यावर त्याला मसुराएवढा डाग दिसला. "अशुद्ध!" अंगावर पिणारं पोर नणंदेच्या हाती दिलं, आणि बाई गेली रडत.

सुगी सरली. एक दिवस भर दुपारी मिल्का वेशीत उभी! अन् अंग? अरे देवा! कपाळ पांढरं, हात पांढरे, पाय पांढरे! लोकांनी दगडच उचलले.

"बाबा, आधी बघा," ती म्हणाली. "मग मारा. माझं लेकरू रांगायला लागलं असेल हो!"

यादोन जवळ गेला. लाल मांस कुठंच नाही! शास्त्र काय सांगतं? लाल मांस न दिसता सगळं अंग पांढरं झालं, तर माणूस शुद्ध! हो मंडळी, शुद्ध! बायबलातलं लेवीय, तेरावा अध्याय — घरी जाऊन वाचा!

"शुद्ध," यादोन पुटपुटला.

"काय?" कडेवर पोर घेतलेली नणंद किंचाळली. "मग तुमच्या हातानं द्या पोर तिला! आम्ही नाही शिवणार!"

आता बाबा का थिजला? याजकानं स्वतःचा डाग दुसऱ्या याजकाला दाखवायचा असतो. अन् याच्या कोपरावर मसुराएवढा डाग! भर उन्हाळ्यात लांब बाही, ती उगाच? हात पुढं केला की बाही वर जाणार. 'चुकलो, बाई अशुद्धच आहे' म्हटलं की सुटला! कोण विचारणार होतं?

पोर रडलं. मिल्काला पान्हा फुटला, फाटका कपडा भिजला. यादोननं ते पाहिलं — आणि पोर उचलून दोन्ही हात पुढं केले!

बाही सरकली. कोपरावरचा डाग अख्ख्या गावानं बघितला! आणि मग तेच दगड याजकाकडे वळले.

मिल्का लेकराला छातीशी धरून मध्ये आली. "टाका ते दगड! चला बाबा, बाहेर पाणी कुठं मिळतं ते दाखवते."

मंडळी, मघाशी मुंड्या हलवत होता ना? आता का बाह्या खाली ओढताय?