भिंतीवरचा पदवीधर

विद्यापीठात नोकरीचे अर्ज घेणाऱ्या खिडकीपाशी रांग होती. पुढच्या आजी-नातीचं बोलणं मागच्या बाईंच्या कानावर आपसूक पडत होतं.

"आजी, भिंतीवरचा फोटो बघ, आपले मंत्री! इथलेच कायद्याचे पदवीधर."

"कोणत्या सालचा गं हा दिवटा?"

"अठ्ठ्याहत्तर."

"कायद्याची इमारत तर ऐंशीत झाली. मीच घमेली वाहिली तिथे."

"वर्ग दुसरीकडे भरत असतील."

"मग 'आजपासून इथे कायदा शिकवायला सुरुवात' असं उद्घाटनाला कोण बोंबललं?"

"हळू बोल! त्यांचंच शिफारसपत्र आहे माझ्याकडे."

"म्हणून तर विचारते. डोळे फोडून अभ्यास तू केलास, आणि तुझी हमी याने द्यायची?"

खिडकीतून कारकुनाने विचारलं, "शिफारसपत्र आहे?"

नातीने फोटोकडे बघत हातातलं पत्र पिशवीत सारलं.

"नाही. गुणपत्रिका आहेत. माझ्या."